उजव्या बाजूचा दांडा

हरिबा खताळ दौंडच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायचा. बाप मेंढरांमागं हिंडत म्हातारा झाला, पण हरिबा सातवी पास झाला आणि छापखान्याच्या मालकांनी त्याला ठेवून घेतलं. तेव्हापासून सोळा वर्षं तो शिशाच्या अक्षरांपुढं उभा होता. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, गावच्या साप्ताहिकाचा मजकूर, सगळं त्याच्या बोटांतून जायचं. अंगानं नुसती काडी. बायको गिताबाई म्हणायची, "वारं सुटलं की तुम्हाला खुंटीला बांधून ठिवावं लागंल."

त्या काडीसारख्या अंगामुळंच तो विमानात बसला.

सन चौऱ्याहत्तरची गोष्ट. शिरूरला सोपानराव म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी विजेच्या पंपांचं मोठं दुकान काढलं. दसऱ्याला उद्घाटन होतं, आणि त्याची जाहिरात सगळ्या मुलखात आकाशातून पडली पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. पुण्याच्या एका फ्लाइंग क्लबात ओळख काढून त्यांनी एका सकाळपुरतं दोन माणसांचं छोटं विमान ठरवलं. दहा हजार पिवळी पत्रकं हरिबाच्या छापखान्यात छापून झाली. पाचशेपाचशेचे गठ्ठे हरिबानं स्वतःच्या हातानं सुतळीनं आवळले आणि तोच ते घेऊन पहाटेच्या गाडीनं शिरूरला गेला.

गावाबाहेरच्या मुरमाड माळावर विमान उतरलं होतं. भोवती जत्रेसारखी माणसं. पायलट चोवीस-पंचवीस वर्षांचा, सावळा, हसरा. त्याला पाहताच हरिबाच्या ध्यानात आलं, हा तर आपल्या दौंडचा. रेल्वे कॉलनीतल्या शंकरराव ड्रायव्हरांचा साहेबराव. सरकारी स्कॉलरशिपवर शिकून विमान चालवायला लागला होता. बौद्धवाड्यातली माणसं त्याचं नाव घेताना छाती पुढं काढायची.

"एकच माणूस बसेल, आणि तोही हलका पाहिजे," साहेबराव म्हणाला. "तेल भरलंय, कागदाचं वजन आहे."

सोपानराव स्वतः पोत्यासारखे. त्यांच्या दुकानातली माणसंही खाऊनपिऊन सुखी. साहेबरावाची नजर फिरत फिरत हरिबावर थांबली.

"मामा, तुम्ही याल का?"

"म्या?" हरिबा म्हणाला. "मला काय येतं त्यातलं?"

"काही यायला नको. मी सांगेन तेव्हा खिडकीतून कागद सोडायचे."

 हरिबाला भीती वाटत होती, पण तिच्याहून मोठी हाव होती. तो हो म्हणाला.

विमानात दोन आसनं शेजारीशेजारी होती. दोन्ही आसनांपुढं जमिनीतून वर आलेला एकेक दांडा होता. एक हलवला की दुसरा आपोआप हलायचा; मागं ओढला की विमान वर, पुढं ढकलला की खाली. शिकणारा आणि शिकवणारा असे दोघं बसण्यासाठी ती सोय. क्लबचा मेकॅनिक जालिंदर जीपनं आला होता. तो हातात पाना घेऊन पुढं झाला.

"कॅप्टन, उजव्या बाजूचा दांडा काढून घेतो. नवखा माणूस हाय."

"किती वेळ लागेल?"

"धा मिन्टं."

सोपानराव घड्याळ बघत कासावीस झाले होते. "अहो, वरवंडचा बाजार उठायच्या आत तिथं कागद पडाया पायजेत! आधीच उशीर झालाय. मामा काय लहान हाय का हात लावायला?"

साहेबरावानं एकदा सोपानरावांकडं पाहिलं, एकदा गर्दीकडं पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे जालिंदर. मामा, या दांड्याला हात लावायचा नाही. पायही लावायचा नाही. आणि कागदाचे गठ्ठे मागं ठेवलेत, ते मागंच राहतील. एक संपला की दुसरा घ्यायचा. पायाशी एकही ठेवायचा नाही. कळलं?"

"कळलं," हरिबा म्हणाला.

विमान उडालं तेव्हा हरिबानं डोळे मिटून घेतले. पण थोड्या वेळात तो खाली बघायला लागला आणि सगळं विसरला. घोडनदी, न्हावरा, उसाचे हिरवे चौकोन, रस्त्यावरून मुंगीसारख्या चाललेल्या बैलगाड्या. साहेबरावानं हात केला की तो सुतळी सोडून मूठमूठ कागद बाहेर सोडायचा. पिवळे कागद थव्यासारखे मागं उडत जायचे. जन्मभर ज्याची मान शिशाच्या अक्षरांवर वाकलेली, त्या माणसाला त्या दिवशी मुलूखच पायाखाली दिसला. तो लहान पोरासारखा हसत होता.

दौंडवर आल्यावर साहेबराव मोठ्यानं ओरडला, "मामा, ती बघा आमची चाळ! आई बाहेर उभी असेल." त्यानं एका बाजूला पंख कलवला आणि सरळ केला. उंची काही कमी केली नाही. खाली चाळीपुढं कुणीतरी पदर हलवत होतं. ती साहेबरावाची आई ताईबाईच होती, हे हरिबाला पुढं कळलं.

पाटस झालं. मग वरवंड आलं. खाली बाजार भरलेला, पालं दिसत होती. "मामा, इथं जास्त टाका," साहेबराव म्हणाला आणि कागद वाऱ्यानं भरकटू नयेत म्हणून खाली आला. हरिबाला वाटलं, घाई करावी. दर वेळी वळून मागून गठ्ठा काढण्यात वेळ जात होता. त्यानं एकदम दोन काढले. एक मांडीवर घेतला, दुसरा पायाशी ठेवला.

क्षणभराचंच काम म्हणून ठेवला.

तो खिडकीतून वाकून कागद सोडत होता तेव्हा साहेबरावानं वळण घेतलं. पायाशी ठेवलेला गठ्ठा सरकला आणि दांडा आणि हरिबाचं आसन यांच्या फटीत जाऊन बसला. हरिबाला ते कळलंही नाही. कळलं तेव्हा विमानाचं नाक खाली झुकत होतं आणि साहेबराव आपला दांडा दोन्ही हातांनी मागं ओढत होता. दांडा मागं येत नव्हता.

"दांडा सोडा मामा!"

"म्या धरला न्हाई!"

साहेबरावानं खाली पाहिलं. "गठ्ठा! गठ्ठा काढा!"

हरिबानं दोन्ही हातांनी ओढला. गठ्ठा हलेना. साहेबराव जितका दांडा मागं ओढत होता तितका गठ्ठा चिमट्यात धरल्यासारखा आवळत होता. तो सुटायचा तर दांडा पुढं ढकलायला हवा होता. आणि दांडा पुढं ढकलला तर विमान आणखी खाली जाणार होतं. साहेबरावाला हे हरिबाच्या आधी उमजलं. त्यानं ओठ आवळून दांडा पुढं केला. समोर जमीन अंगावर धावून आली. हरिबानं हिसका दिला आणि गठ्ठा त्याच्या हातात आला.

"निघाला का?" साहेबरावानं विचारलं.

"व्हय!"

साहेबरावानं दांडा पोटाशी ओढला. नाक उचललंही. पण उचलायला खाली जागाच उरली नव्हती. डावा पंख बांधावरच्या बाभळीला लागला आणि विमान त्याच बाजूनं जमिनीवर आपटलं.

बाजारातली माणसं धावत आली. त्यांनी हरिबाला ओढून बाहेर काढलं. त्याच्या उजव्या मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. पेट्रोलचा वास सुटला होता. साहेबरावाला काढायला पत्रा कापावा लागला. काढला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

हरिबा पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तीन महिने पडून होता. चौथ्या दिवशी सोपानराव आले. स्टुलावर बसले, इकडंतिकडं पाहून आवाज खाली करून म्हणाले, "हरिबा, चौकशीवाले यायचेत. कागद टाकायची परवानगी वेगळी लागती म्हणं, ती आपुन काढली नव्हती. तू एवढंच म्हण, मला काय आठवत न्हाई. डोक्याला मार लागलाय, कुणी इचारणार न्हाई."

"पर त्यो गठ्ठा माझ्या पायापाशी…"

"आरं, गेलेला काय परत येणार हाय का? तू आत जाशील. माणूस मारल्याचा खटला व्हईल तुझ्यावर. गिताबाईकडं बघ."

गिताबाई पायथ्याशी उभी होती. तिनं नुसता पदर तोंडाला लावला.

दोन दिवसांनी एक अधिकारी आला. गोरा, चष्म्याचा, बोलायला मऊ. त्यानं विचारलं, "शेवटी काय झालं?"

हरिबा छताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काय आठवत न्हाई, साहेब."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि हरिबानं सही केली. त्याचं अक्षर मूळचं सुंदर होतं. त्या सहीतही ते सुंदरच आलं.

तो घरी आला तो कुबडी घेऊन. पाय दोन बोटं आखूड झाला होता. मालक भले माणूस, त्यांनी बसून काम करायला उंच स्टूल करून दिलं. पहिल्याच आठवड्यात साप्ताहिकाचा मजकूर त्याच्यापुढं आला. वार्ताहराच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, की विमान अपघाताच्या चौकशीचा निकाल लागला असून वैमानिकाचा निष्काळजीपणा हेच कारण ठरलं आहे; आपलं घर आईवडिलांना दाखवण्याच्या हौसेनं तो विमान वाजवीपेक्षा खाली उडवत होता.

"मालक," हरिबा म्हणाला, "हे खरं न्हाई. दौंडवर ते खाली आलंच न्हवतं."

"तुला तर काही आठवत नाही ना?" मालकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, त्यांना खरंच वाटत होतं.

 हरिबानं एकेक खिळा उचलून तो मजकूर जुळवला. 'निष्काळजीपणा' हा शब्द जुळवताना त्याच्या हातून दोनदा अक्षर पडलं. संध्याकाळपर्यंत तो शब्द त्याच्या हातांनी आठशे अंकांवर उमटला.

गावात बोलणं सुरूच होतं. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात चहा पिताना कुणीतरी म्हणालं, "स्कॉलरशिपचा पायलट. फुकटात शिकलेलं, दुसरं काय व्हणार?" बाकीचे हसले. हरिबाचा चहा तसाच राहिला. आपल्या एका गठ्ठ्यानं एक माणूस मेला एवढंच त्याला आजवर वाटत होतं. आता त्याला दिसलं, की मेलेल्याच्या मागं उरलेली सगळीच माणसं त्या गठ्ठ्याखाली सापडली होती.

दुसऱ्या दिवशी तो कुबडी टेकत रेल्वे कॉलनीत गेला.

शंकरराव ड्युटीवरून येऊन ओट्यावर बसले होते. पन्नाशी उलटलेला उंच माणूस. हरिबाला पाहून ते उठले, आत नेलं, खुर्ची दिली. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी साहेबरावाचा फोटो होता. ताईबाई चहा टाकायला वळली तेव्हा हरिबा म्हणाला, "चहा नगं, आक्का. आधी ऐका. मग तुम्हीच म्हणाल, ह्याला पाणी सुदीक द्यायला नगं व्हतं."

त्यानं सगळं सांगितलं. गठ्ठा पायाशी ठेवायचा नाही असं बजावलेलं असताना त्यानं ठेवला. तो अडकला. साहेबरावानं तो सोडवण्यासाठी दांडा पुढं ढकलला. आणि दवाखान्यात तो स्वतः खोटं बोलला. फक्त एक गोष्ट त्यानं गाळली. माळावर जालिंदर पाना घेऊन आला होता आणि साहेबरावानं त्याला राहू दे म्हटलं होतं, हे तो बोलला नाही. बापाला ते कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं.

 ताईबाईनं विचारलं, "शेवटाला काय म्हणाला त्यो?"

"'निघाला का' म्हणाले. म्या 'व्हय' म्हणालो."

ताईबाई आत गेली. 

शंकरराव उठले आणि फेऱ्या घालायला लागले. हरिबाला वाटलं, आता हा माणूस मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण शंकररावांच्या तोंडावर राग नव्हता. महिनोन्महिने मिटलेल्या त्या चेहऱ्यात काहीतरी उघडलं होतं.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "माझं पोर हलगर्जी न्हाई. मी त्याला लहानपणापासनं सांगत आलो, स्टेशन मास्तर ओरडू दे, गार्ड झेंडी दावू दे, ब्रेक ठीक न्हाई तोवर गाडी हालवायची न्हाई. त्यो इसरणारच न्हाई. हरिबा, तुम्ही हे साहेबापुढं सांगाल?"

"सांगतो, आप्पा. मला आत टाकलं तरी सांगतो."

"तुम्हाला आत टाकून मला काय मिळायचंय? माझ्या पोराचं नाव तेवढं धुवून निघू द्या."

पुढच्या सोमवारी दोघं पुण्याला गेले. शंकररावांनी ठेवणीतला कोट घातला होता. गाडीत चढताना त्यांनीच हरिबाला हात दिला आणि बसायला जागा करून दिली. पुण्याला तोच चष्म्याचा अधिकारी भेटला. त्यानं हरिबाचं सगळं शांतपणे ऐकलं. मग कपाटातून फाइल काढली.

"तुमचा पहिला जबाब सहीसकट इथं आहे. आता हा दुसरा. कुठला खरा धरायचा?"

"ह्यो खरा. तवा म्या भ्यालो व्हतो."

"ठीक. धरू या." अधिकाऱ्यानं पानं उलटली. "तुम्ही म्हणता तो दांडा उजव्या बाजूचा. नवखा माणूस शेजारी बसवायचा, तेही सामान टाकायला, तर तो दांडा आधी काढून ठेवायचा असतो. आता मेकॅनिकचा जबाब ऐका. 'मी पाना घेऊन गेलो. दहा मिनिटं लागतील म्हणालो. कॅप्टन म्हणाले, राहू दे.'"

खोलीतला पंखा फिरत होता. शंकररावांनी हळूच मान वळवून हरिबाकडं पाहिलं.

"हे खरं हाय?"

हरिबाला वाटलं, नाही म्हणावं. एकदा खोटं बोलून माणूस बुडवला, एकदा खोटं बोलून तारावा. पण फाइल समोर उघडी होती.

"व्हय, आप्पा. पर सोपानरावांनी लई घाई केली व्हती. समदी माणसं बघत व्हती…"

"घाई कुणीही करू दे," अधिकारी म्हणाला. "नाही म्हणायचं काम पायलटचं. दांडा काढलेला असता तर गठ्ठा अडकायला काही नव्हतंच. तुमचं म्हणणं कागदावर घेतलं तरी निकाल तोच राहतो. उलट आत्ता नुसता निष्काळजीपणा आहे, मग नियम मोडल्याचंही लागेल." तो थांबला आणि मऊपणे म्हणाला, "शंकरराव, हे वाढवू नका. तुमच्याच हिताचं सांगतो."

शंकरराव उठले. त्यांनी अधिकाऱ्याला नमस्कार केला, कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडले.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. लोणी गेलं, उरुळी गेलं, केडगाव गेलं. पाटस मागं पडल्यावर हरिबाला राहवलं नाही.

"आप्पा, चूक माझी हाय. गठ्ठा म्या ठिवला."

"तुम्ही अडाणी व्हता त्यातलं," शंकरराव म्हणाले. "तुम्हाला काय ठावं? त्याला ठावं व्हतं. धा मिन्टं. मी बत्तीस वर्सं गाडी चालवली हरिबा, धा मिन्टापायी कधी शिव्या खाल्ल्या न्हाईत असा महिना गेला न्हाई. खाल्ल्या, पर गाडी हालवली न्हाई. आन् माझं पोर एका दुकानदाराम्होरं न्हाई म्हणू शकलं न्हाई."

"इतक्या माणसांत, सोपानरावासारख्या बड्या माणसापुढं…"

"म्हंजी काय? आमच्यातलं पोर म्हणून दबलं, असंच ना?" शंकररावांचा आवाज एकदम चढला आणि लगेच बसला. "तेच तर. तसंच झालं असंल. आन् ते कुठल्या फायलीत लिवतील?"

दौंड आलं. फलाटावर उतरल्यावर शंकरराव थांबले. हरिबाला कुबडी नीट धरता यावी म्हणून त्यांनी त्याची पिशवी हातात घेतली होती, ती परत दिली.

"काल रातच्यापातूर मी जगाला म्हणत व्हतो, तुम्ही समदे खोटं बोलताय," ते म्हणाले. "आता कुणाला म्हणू? हरिबा, तुम्ही माझ्या दारात आला नसता तर बरं झालं असतं."

एवढं बोलून ते जिन्याकडं निघून गेले. हरिबा बाकावर बसला. गाडी सुटली, फलाट रिकामा झाला, झाडूवाला येऊन गेला, तरी त्याला उठवेना.

सोपानरावांचं दुकान चाललं. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी शिक्रापूरला दुसरं काढलं. हरिबाला कुणी आत टाकलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. कधीकधी त्याला वाटायचं, खटला झाला असता तर निदान कुठंतरी सगळं एकदा मोठ्यानं बोलता आलं असतं. गिताबाईला त्यानं एकदाच विचारलं, "तू तवा दवाखान्यात का गप राहिलीस?" ती म्हणाली, "तुम्ही जित्ते व्हता. मला तेवढंच दिसत व्हतं." 

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात शंकररावांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. डोळे अधू झाले असं कारण दिलं होतं. ताईबाईचा भाऊ मनमाडला होता, तिकडं जायचं ठरलं. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी हरिबा स्टेशनवर गेला. जवळ जायचा धीर झाला नाही. तो नळाजवळ उभा राहिला. कॉलनीतली दहा-बारा माणसं निरोपाला आली होती. ट्रंका चढल्या, वळकट्या चढल्या. शंकरराव आत पलीकडच्या बाजूला बसले. ताईबाई खिडकीशी बसली.

गाडी हलली तशी खिडकी हरिबासमोरून जायला लागली. ताईबाईनं त्याला पाहिलं. ओळखलंही. हरिबानं हात जोडले. तिचा हात वर आला, आणि त्याला क्षणभर वाटलं, ही काहीतरी बोलणार. तिनं वरची कडी सोडली आणि खिडकीचा पत्रा खाली ओढून घेतला.

हरिबा छापखान्यात परत आला. लग्नसराईचे दिवस होते, कामाचा ढीग पडला होता. मालक म्हणाले, "हरिबा, कुठं होतास? वरवंडच्या पत्रिका उद्या द्यायच्यात." तो स्टुलावर चढून बसला, आखूड पाय खालच्या दांडीवर टेकवला आणि वधूचं नाव जुळवायला लागला.